डेक हवा असेल तर आधी खोली कापा

मला त्या मागच्या डेकचा राग येतो.

तुम्ही तो पाहिलेला आहे. रीलमध्ये बसचं मागचं दार उघडतं, दारापुढे लाकडी फळ्यांचा चार-पाच फुटांचा ओटा, त्यावर दोन खुर्च्या, वाफाळता मग आणि पलीकडे तळं नाहीतर डोंगर. अमेरिकेतल्या शाळेच्या पिवळ्या बसेस साधारण बारा-पंधरा वर्षं पळाल्या की लिलावात निघतात. चार-पाच हजार डॉलर्सना मिळणारी ही धूडं लोक घेतात, बाकं उपटून टाकतात आणि आत स्वयंपाकघर, पलंग, छतावर सोलर असं सगळं बसवून त्यांचं घर करतात. अशा बसला तिकडं 'स्कूली' म्हणतात. (हिंदीतले स्कूली बच्चे मनात आणू नका.) आणि गेल्या काही वर्षांत स्कूलीला मागं डेक नसेल तर घर पूर्णच होत नाही, असं सगळ्यांनी ठरवलेलं दिसतं.

बसायची हौस मला कळते. ओसरीवर पाय सोडून बसलेल्या माणसांची मी नात आहे. पाऊस बघत, काही न करता बसायला जागा हवी, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. माझं भांडण डेक कुठं बांधतात याच्याशी आहे. बसच्या शेपटाला, रस्त्याच्या हवेत, लोखंडी कानस जोडून. ओटा हवा असेल तर तो आपल्या खोलीतून काढावा. मागं लटकवू नये. आणि मागच्या दारासमोर तर काहीही ठेवू नये, अगदी काहीही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. असा एक डेक मी स्वतः डिझाइन केलाय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ओरेगनमध्ये माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे. तो नाशिकचा, ती तिथलीच. त्यांना सहा वर्षांची मुलगी, मला मावशी म्हणते. त्यांनी ३६ फुटी बस घेतली, वर्षभर खपून आतलं सगळं केलं आणि शेवटी डेक उरला. "तू मेकॅनिकलची ना, जरा बघून दे गं," असं तो म्हणाला आणि मी फुशारले. तीन वीकेंड आम्ही त्यांच्या घरामागे राबलो. चॅसिसचे दोन लांब बीम बंपरपर्यंत येतात, त्यांना पुढं चौकोनी पाइप जोडले, वर चार फूट खोलीचा सांगाडा, त्यावर देवदाराच्या फळ्या. बस ४० फुटांची झाली. तिकडं काही राज्यांत मोटरहोमला ४० फुटांची मर्यादा आहे, बऱ्याच राज्यांत ४५ ची. आम्ही जेमतेम बसलो म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या. सामान ठेवायला जागा कमी पडत होती, तेव्हा डेकवर दाराला टेकून एक मोठी लोखंडी पेटी ठेवायची कल्पना माझीच. प्रवासात ती तिथंच पट्ट्यांनी आवळायची, मुक्कामाला पोचलं की बाजूला सरकवायची.

वेल्डिंग मजबूत आहे की नाही, एवढंच मी बघितलं. ते मजबूत होतंच, अजूनही आहे. प्रश्न वेल्डिंगचा नव्हताच.

आपल्याकडं बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ झाली म्हणायचे. जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही आणि गाडी हाकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. हा शब्द माझ्या आजोबांना यायचा, मला चार वर्षांच्या डिग्रीनंतर वेळेवर आठवला नाही. बसचं गणित तेच आहे. आमच्या बसच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये साधारण २३ फूट अंतर. मागच्या ॲक्सलच्या मागं आधीच १० फूट बस लटकलेली. त्याच्याही मागं आम्ही ४ फूट जोडले. सांगाडा, फळ्या, दोन सायकली, शेगडी, पेटी मिळून ४०० किलो धरा. हे वजन ॲक्सलपासून सरासरी १२ फूट मागं बसतं. ४०० गुणिले १२ भागिले २३, म्हणजे जवळजवळ २०९. पुढच्या चाकांवरून २०९ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर ४०० नाही, ६०९ किलो वाढतात. लोक डेकचं वजन विचारतात, "चारशेच तर आहे" म्हणतात आणि निश्चिंत होतात. स्टिअरिंग ज्या चाकांनी होतं ती चाकं हलकी झालीत, हे खड्ड्यात गाडी उसळते तेव्हा कळतं.

बरं, हे झालं उभ्या वजनाचं. डेकच्या खाली आम्ही दुमडती शिडी लावली होती, जमिनीपासून दोन फुटांवर. पूर्वी बंपरची खालची कडाही दोन फुटांवरच होती, पण ॲक्सलपासून १० फुटांवर. म्हणजे ११ अंशांचा चढ-उतार बस न घासता पार करायची. आता तेच दोन फूट १४ फुटांवर गेले आणि ११ चे ८ अंश झाले. पहिल्याच फेरीत पेट्रोल पंपातून रस्त्यावर उतरताना शिडी फरफटत गेली. ठिणग्या उडालेल्या मी मागच्या गाडीतून बघितल्या. पंपाच्या बाहेर ठिणग्या, हे वाक्य परत एकदा वाचा.

वळणाचंही तसंच. बस डावीकडं वळली की तिचं शेपूट उजवीकडं झाडू मारल्यासारखं बाहेर येतं. अमेरिकेत बस चालवायचा परवाना घेणाऱ्यांच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं की स्कूल बसचं शेपूट तीन फुटांपर्यंत बाहेर फिरू शकतं. हे डेक नसलेल्या बसचं. ज्या टोकाला सर्वात जास्त फिरायचं आहे तेच टोक आम्ही लांब केलं, आणि आरशातून डेकचा कोपरा दिसतही नव्हता.

आता मागून येणाऱ्या गाडीचा विचार करा. रील बनवणारे कधीच करत नाहीत, कारण ती गाडी फ्रेममध्ये नसते. स्कूल बसच्या मागं भक्कम पोलादी बंपर असतो. मागून कुणी धडकलं तर त्या गाडीचा पुढचा भाग चेपतो, चेपण्यासाठीच तो बनवलेला असतो. डेक लावला की बंपर चार फूट आत गेला आणि सगळ्यात आधी भेटणार ती डेकची कडा. ती बसच्या जमिनीच्या उंचीला, म्हणजे कमरेच्या आसपास. गाडीचं बॉनेट त्याखाली सरकतं आणि लोखंड थेट काचेला लागतं. १९६७ च्या जूनमध्ये जेन मॅन्सफील्ड ही नटी लुइझियानात अशीच गेली. तिची गाडी ट्रेलरच्या मागं धडकून खाली घुसली, पुढं बसलेली तिन्ही माणसं मेली, मागं झोपलेली मुलं वाचली. ट्रेलरच्या मागं खाली जो आडवा दांडा असतो त्याला लोक आजही मॅन्सफील्ड बार म्हणतात. मग डेकखाली तसा दांडा लावा की, असं तुम्ही म्हणाल. लावा. तो खाली आला की पुन्हा घासणार, आणि त्याचं वजन पुन्हा सगळ्यात मागं. एक चूक झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी, हा या लटकत्या डेकचा स्वभावच आहे.

पण हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. सावकाश चालवा, मोठे दिवे लावा, नंबरप्लेट दिसेल अशी बसवा, असे उपाय सांगून वेळ मारून नेली असती. जे गिळता येत नाही ते म्हणजे दार.

पिवळ्या बसची सगळी रचना मुलं बाहेर कशी काढायची या एका प्रश्नाभोवती झालेली आहे. रंगसुद्धा. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी परिषद भरवली, त्यात त्या पिवळ्याचं आणि बसच्या मापांचं ठरलं. १ एप्रिल १९७७ पासून केंद्राची नवी मानकं लागू झाली. छतावर बसच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार टाकला तरी ते पाच पूर्णांक एक अष्टमांश इंचांहून जास्त दबता कामा नये, पत्र्यांचे सांधे सुटता कामा नयेत, वगैरे. मागच्या दाराबद्दल तर फार बारकाईनं लिहिलंय. उघडल्यावर वाट किती रुंद, किती उंच, खिटी सरकली तर ड्रायव्हरजवळ बझर वाजला पाहिजे, दाराला कुलूप लावलेलं असेल तर इंजिन सुरूच होता कामा नये. स्कूली बनवणारे पहिल्या आठवड्यात जी वायर उपटून टाकतात ती याच बझरची. कटकट करतो म्हणून.

१४ मे १९८८ च्या रात्री केंटकीतल्या कॅरल्टनजवळ एक बस मुलांना घेऊन परतत होती. दिवसभर मनोरंजन पार्कात खेळून दमलेली मुलं. बस पूर्वी शाळेची होती, नंतर एका चर्चनं घेतलेली. म्हणजे लिलावातून सुटून दुसऱ्या जन्मात आलेली, तुमच्या-आमच्या स्कूलीसारखीच, आणि १९७७ ची मानकं लागू व्हायच्या थोडं आधी तयार झालेली. दारू प्यायलेला एक माणूस उलट्या दिशेनं पिकअप चालवत आला आणि समोरून धडकला. पुढचं दार अडकलं. त्याच्या मागंच असलेली इंधनाची टाकी फुटली आणि आग लागली. धडकेनं कुणीही मेलं नाही. सत्तावीस जण मेले ते धुरानं आणि आगीनं. बसमध्ये ६७ माणसं आणि मोकळं राहिलेलं एकच दार, मागचं. अरुंद वाटेत सगळे त्या दिशेला लोटले, आणि त्या वाटेत दाराजवळ थंड पेयांची एक पेटी ठेवलेली होती.

पेटी.

मी हे वाचलं तेव्हा आमचा डेक तयार होऊन पाच महिने झाले होते. मुलीचा पलंग बसच्या अगदी मागं आहे, दाराला लागून. पुढं स्वयंपाकघर, गॅसची नळी, मग आईबाबांची झोपायची जागा, मग ती. पुढून आग आली तर तिच्या पायाशी दार आहे आणि दाराला बाहेरून माझी पेटी टेकलेली आहे, पट्ट्यांनी आवळून.

त्या अपघातानंतर केंटकीनं शाळेच्या बसला नऊ बाहेर पडायच्या वाटा सक्तीच्या केल्या. नऊ. आणि आपण एक होती ती बुजवून तिच्यावर खुर्च्या मांडतो.

"पण बस बहुतेक वेळ उभीच असते" हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. उभ्या बसलाच आग लागते की. घर म्हणजे शेगडी, लिथियमच्या बॅटऱ्या, लाकडी अस्तर, डिझेल हीटर, आणि झोपलेली माणसं. शाळेची बस होती तेव्हा तिच्यात यातलं काहीही नव्हतं आणि मुलं जागी होती. "मग आम्ही खिडकीतून उडी मारू." त्या बसच्या खिडक्या तुम्ही बघितल्यात का? वरचं अर्धं तावदान खाली सरकतं, तेवढीच फट. दुमडता डेक लावणारेही असतात, प्रवासात तो उभा करून मागच्या भिंतीला टेकवायचा. छान. म्हणजे आता दारावर दुसरं दार, ते बाहेरून कड्यांनी बंद.

हे वाचताना तुम्हाला परदेशी वाटत असेल तर आपल्याकडं बघा. १ जुलै २०२३ ला पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाण्याजवळ खासगी बस उलटली, दार असलेली बाजू खाली गेली, आग लागली, पंचवीस माणसं गेली. वाचले ते आठ जण, काच फोडून. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही पाटी आपण एसटीत बसून इतक्या वेळा वाचलीय की ती वाचणं बंद झालंय. आणि मुंबईच्या इमारतींना लटकलेल्या त्या बॉक्स ग्रिल? दोन फूट रस्त्याच्या हवेतले, कुंड्या आणि वॉशिंग मशिनसाठी, आणि आग लागली की आतल्यांसाठी पिंजरा. माझ्या डेकचं मूळ तिथंच असणार. आतली इंचभर जागा सोडायची नाही, बाहेरची मिळेल तेवढी घ्यायची, हे मी लहानपणापासून बघत आलेय. मुंबईत बाल्कनी खोलीत घेतात. मी म्हणते, स्कूलीत खोली बाल्कनीत घ्या.

कशी, ते सांगते, कारण नुसतं नको म्हणणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे.

बसचं शरीर म्हणजे ओळीनं उभ्या केलेल्या पोलादी कमानी. मागून चार-पाच फूट पुढं जी कमान येईल ती निवडा आणि नवी मागची भिंत तिच्यावर बांधा. मूळचं आणीबाणीचं दार, त्याच्या चौकटीसकट आणि आतून-बाहेरून उघडणाऱ्या हँडलसकट, कापून या नव्या भिंतीत बसवा. त्याच्या मागं उरलेली चार-पाच फूट बस म्हणजे तुमचा डेक. तिच्याखाली चॅसिसचे बीम कारखान्यातून आलेले आहेतच, बंपर जिथं होता तिथंच आहे, दिवे आणि नंबरप्लेट खालच्या पत्र्यावर होते तिथंच राहतात. बाजूचे पत्रे कमरेपर्यंत ठेवून कापले की कठडा झाला, वर जाड पाइप फिरवा. छप्पर ठेवलंत तर ओरेगनच्या पावसातही बसता येतं. मागच्या कठड्याला फाटक हवं, एका धक्क्यात बाहेर उघडणारं, कुलूप नसलेलं. फळ्यांखालचा पत्रा मागच्या बाजूला थोडा उतरता ठेवा, नाहीतर पाणी नव्या भिंतीच्या पायाशी साचतं आणि दोन वर्षांत गंजाच्या पापुद्र्यावर तुमचा संसार उभा असतो. काचा, पत्रा, आतलं सामान निघाल्यामुळे शेपूट जड होण्याऐवजी हलकं होतं. लांबी एक इंच वाढत नाही.

एक्झॉस्टचा पाइप मात्र बघा. तो बहुतेक बसेसना मागंच निघतो, म्हणजे नेमका तुमच्या खुर्चीखाली. तो वळवून बाजूला काढा. आणि बस चालू असताना मागचं दार उघडं ठेवून हवा खायची नाही. चालत्या गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि धूर ओढला जाऊन आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन मागं असलेल्या चपट्या तोंडाच्या बसेसना यातलं काहीच लागू नाही. त्यांच्या शेपटात इंजिन आहे, मागं दारही नसतं, तिथं डेकचा नाद सोडलेला बरा. छतावर बसा.

किंमत काय? साडेसात फूट रुंद बस, पाच फूट आत. सदतीस-अडतीस चौरस फूट. ज्या घराची सगळी मिळून दोनशे चौरस फूट जमीन, त्यातली जवळजवळ पंचमांश. हे महाग आहे, मला मान्य आहे. मुलीचा पलंग आडवा करावा लागेल किंवा कपाट जाईल. म्हणूनच तर सगळे मागं लटकवतात, कारण तिथली जागा फुकट वाटते. तिचं भाडं पुढची चाकं देतात, मागच्या गाडीतला माणूस देतो, आणि दाराशी झोपलेलं पोर देतं.

नोकरीतून दोन महिने सुटी घेऊन ते तिघं दक्षिणेकडं निघाले होते तेव्हा मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, २०९ किलोपासून कॅरल्टनपर्यंत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, ड्रॉइंग तूच काढलं होतंस ना?" काढलं होतं. त्याच्या बायकोनं फोन घेतला, पेटीबद्दल विचारलं, आणि त्या रात्रीच ती पेटी त्यांनी उतरवली. ॲरिझोनात कुणाला तरी देऊन टाकली. डेक मात्र आहे. एवढे पैसे घातले, एवढा घाम गाळला, आता कापायचा कशाला, असं त्याचं म्हणणं. शिवाय मुलीला तिथं बसून पोहे खायला आवडतं. पेटीच्या जागी आता सायकली टेकवतात, "त्या काय, ढकलल्या की पडतात."

मी म्हटलं, तिला ढकलून बघू दे. रात्री, दिवे बंद करून, आतून. त्यांनी करून पाहिलं. सायकलीचं हँडल कठड्यात अडकलं आणि दार वीतभर उघडलं.

बस मार्चमध्ये परत येते. ग्राइंडरच्या डिस्का मी आणून ठेवल्यात, नवं ड्रॉइंगही काढलंय, मजुरी माझी. ती हो म्हणतेय, तो अजून बघू म्हणतोय.